अंगारकीचा फ्रेंच टोस्ट

मला लायब्ररीत टाकून आता दोन वर्षं झाली. पुस्तकांवरची धूळ झाडायची, रजिस्टर उचलून द्यायचं, बास. कॉलेजात नवीन आलेलं कुणीबी विचारतं, अंजनाताई, तुम्ही तर होम सायन्सच्या लॅबला होता न्हवं, मग हिकडं कशा? मी सांगतो, फ्रेंच टोस्टमुळं. ती हसत्यात. हसण्यासारखं त्यात काय न्हाय, म्हणून एकदा सगळं नीट सांगतो.

मी बाईमाणूस असून ‘येतो’, ‘सांगतो’ म्हणतो म्हणून आमच्या हेड इनामदार मॅडम चौदा वर्षं मला सुधारत होत्या. आमच्या मंगळवार पेठेत बाया असंच बोलत्यात, त्यात सुधारण्यासारखं काय हाय? त्या म्हणायच्या, अंजना, ‘येते’ म्हण. मी म्हणायचो, बरं मॅडम, येतो.

लॅब अटेंडंट म्हंजे सकाळी यायचं, शेगड्या पुसायच्या, बारा ओट्यांवर बारा जणींचं सामान मांडायचं, प्रॅक्टिकल झालं की पातेली घासायची. कागदावर एवढंच काम. पण मॅडम स्टाफरूममधी गप्पा मारत बसल्या की पोरींनी कुणाला विचारायचं? अंजनाताई, पाक झाला का बघा. अंजनाताई, केक बसला हो माझा. चौदा वर्षं पोरींचे पाक मी बघितले नि सर्टिफिकिटावर सही मॅडमची. त्याचं मला कधी वाईट वाटलं न्हाय, खरं सांगतो. पोरी शिकत्यात न्हवं, मग झालं.

पाकातलं मला कळतं ते माझ्या बापामुळं. माझा बा ज्ञानू, कुरुंदवाडकडं गुऱ्हाळावर चुलवाणाला जाळ घालायचा. वर रस उकळायच्या काहिलीपाशी गूळ करणारा गुळव्या उभा असायचा, सगळा मान त्याला. पण काहील कवा उतरायची ते माझा बा खाली जाळापुढं बसून वासावर सांगायचा. आता उतरा, न्हाय तर जळंल, म्हणायचा, आणि गुळव्या गुमान उतरायचा. आम्ही पोरं रताळी नि कच्ची पपई तारेला बांधून त्या उकळत्या रसात सोडायचो. बाहेर काढली की वरनं तांबूस, चकाकणारी नि आत मऊ व्हायची. कॅरमल हा शब्द मी पुढं लॅबमधी ऐकला, पण ती चीज माझ्या जिभेला बारीक असल्यापासनं ठाऊक होती.

माझी पोरगी प्रीती त्याच कॉलेजात, होम सायन्सच्याच शेवटच्या वर्षाला होती. कॉलेजात मला आई म्हणू नकोस, ताई म्हण, असं मी तिला पयल्या दिवशीच सांगून ठेवलेलं. उगं कुणी म्हणाय नको की आईमुळं मार्क पडले. फॉर्म उशिरा भरला म्हणून तिचा नंबर शेवटचा, बारावा.

त्या वर्षी, म्हंजे दोन हजार पाचला, पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलानं आमच्या कॉलेजला एक जागा दिलेली. किचनमधी वर्षभर शिकायचं, राहणं-खाणं त्यांच्याकडं, नि पुढं नोकरी. मार्चच्या प्रॅक्टिकलला जी पयली येईल ती पोरगी जाणार. एकच जागा. प्रीतीनं ते ऐकल्यापासनं दुसरं काय बोलणंच सोडलं.

आणि घरात तिच्या बापानं, बाबासोनं, नेसरीचं स्थळ बघून ठेवलेलं. पोरगा चांगला होता, मी नावं ठेवत न्हाय. पण प्रीतीला लग्न करायचं न्हवतं. तिला किचनमधी जायचं होतं, पांढरी टोपी घालून. बाबासोनं सरळ सांगितलं, पुण्याचं मिळालं तर जा बिनघोर, मी आडवा येणार न्हाय. न्हाय मिळालं तर मे महिन्यात अक्षता. माणूस शब्दाचा पक्का. त्यामुळं ते एक प्रॅक्टिकल म्हंजे पोरीचा सगळा पुढचा रस्ता होता, आणि ते आम्हा तिघांनाबी माहीत होतं.

पदार्थ आधी सांगितलेला: फ्रेंच टोस्ट नि त्यावर कॅरमल केलेलं फळ. मी तिला काय शिकवणार न्हाय असं ठरवलं होतं, पण घरी ती करायला लागली नि मला बघवेना. महिनाभर आमच्या घरात दुसरं काय शिजलं न्हाय. पाव बेकरीतनं अख्खा आणायचा, कापून घ्यायचा न्हाय. एक दिवस शिळा करायचा, मग दोन बोटं जाड काप. ताजा पाव दुधात घातला की लगदा होतो, शिळा पितो नि उभा राहतो. गंगावेशीत समोर पिळून घेतलेलं म्हशीचं दूध, त्यात अंडी, थोडी साय, थोडी साखर, जायफळ. पाव त्यात घाईनं बुचकळायचा न्हाय. ह्या अंगाला निवांत पडू द्यायचा, मग त्या अंगाला. मग लोण्यावर मंद भाजायचा, आत पुडिंग नि वर कडक.

आणि कॅरमल. साखर कोरडीच पातेल्यात टाकायची, चमचा घालायचा न्हाय, पातेलंच हलवायचं. ती कडंनं वितळती, मग मधी. सोनेरी झाली की सगळ्या पोरी भिऊन गॅस बंद करत्यात, कारण मॅडमच्या वहीत ‘सोनेरी’ असं लिहिलंय. तिथं थांबलं की ती नुसती गोड. अजून जाऊ द्यायची, काकवीच्या रंगापर्यंत, नाकाला जराशी झोंबली की मग लोणी टाकायचं. ते फसफसून वर येतं, त्यात साय, चिमटीभर मीठ नि उभी चिरलेली केळी. गोडाच्या मागं एवढासा कडूपणा राहिला पायजे. तो न्हाय राहिला तर माणूस दोन घास खातो नि प्लेट सारतो. प्रीतीनं पंधरा-वीस वेळा जाळलं, पण महिन्याच्या शेवटी तिला ते नाकानं कळाय लागलं. त्या दिवशी मी पोटभर खाल्लं नि पोरीला मिठी मारली.

आता परीक्षेच्या दिवसाचं ऐका. तारीख ऑफिसनं ठरवली, पदार्थ इनामदार मॅडमनी ठरवला, नि भिंतीवरच्या कॅलेंडराकडं एकानं बघितलं न्हाय. मंगळवार होता. सकाळी सांगलीहून परीक्षक आल्या, चिकोडीकर बाई, कपाळावर शेंदूर लावून. बिनखांबी गणपतीचं दर्शन घेऊनच आलेल्या. बसल्या, पाणी प्याल्या, फळ्यावरचा पदार्थ वाचला नि म्हणाल्या, “अहो, आज अंगारकी आहे. माझा उपवास. अंडं कसं चाखू मी?”

इनामदार मॅडमचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांचापण उपास. लॅबमधल्या दोन धाकट्या मॅडम, त्यांचापण. क्लार्कपासनं शिपायापर्यंत सगळ्यांचा, कारण एरवी संकष्टी न करणारं माणूससुद्धा अंगारकी सोडत न्हाय. बारातल्या दहा पोरी उपाशी, म्हंजे त्या स्वतःचा टोस्टपण न चाखता करणार. पदार्थ बदलावा तर प्रश्नपत्रिकेवर छापलेला, तारीख बदलावी तर बाई परत कवा येणार? एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांनी अंड्याची परीक्षा अंगारकीला ठेवली. मी एखाद्या दिवशी मीठ मांडायला विसरलो असतो तर मेमो दिला असता मला.

मग सगळ्यांचे डोळे माझ्याकडं. आम्ही बौद्ध. उपास न्हाय, तापास न्हाय. अख्ख्या होम सायन्समधी त्या दिवशी अंडं खाणारी मोठी बाई मी एकटी.

“अंजना चाखेल,” इनामदार मॅडम म्हणाल्या. “तिला सगळं कळतं. चौदा वर्षं लॅबमध्येच आहे ती. ती सांगेल त्याप्रमाणे तुम्ही चवीच्या रकान्यात मार्क लिहा.”

ही चव वीस मार्कांची. मी मॅडमना बाजूला घेतलं. म्हणलं, “मॅडम, बारा नंबरला माझी पोरगी हाय. उद्या कोण काय बोलाय नको. आत्ताच बाईंच्या कानावर घाला.”

मॅडम म्हणाल्या, “अगं, ते मी बघते. तू चाख. वेळ काढू नकोस.”

हे त्यांचे शब्द. ते मी बघते. मी काय बहिरा न्हाय.

दोन तासांनी बारा प्लेटा टेबलावर आल्या. प्रत्येकीपुढं नंबराची चिठ्ठी. पोरी भिंतीला पाठ लावून उभ्या. चिकोडीकर बाई पेन घेऊन बसल्या, मी चमचा घेऊन उभा. चौदा वर्षांत पयल्यांदा त्या टेबलाच्या मॅडमच्या बाजूला उभा होतो. खोटं कशाला बोलू, छाती जरा फुगलीच होती माझी.

एक नंबर चाखला. म्हणलं, “वरनं छान, आत कच्चं. अंड्याचा वास येतोय. गॅस मोठा होता.” बाईंनी लिहिलं. दोन नंबर बरा. तिनातलं केळं शिजून चोथा झालेलं. पाच नंबर निशाचा, तिचं कॅरमल गार होऊन दगड झालेलं. म्हणलं, “दात हलतोय बघा माझा.” बाई हसल्या, पोरी हसल्या, निशापण हसली. बाई म्हणाल्या, “जीभ पक्की आहे हो तुमची.” अहो-जाहो केलं मला. ते पण पयल्यांदाच.

नऊ नंबर वर्षाराणीचा. ही कुरुंदवाडची पोरगी, घरच्या म्हशी, तिनं डबाभरून साय आणलेली. अननस घेतला होता, त्याच्या आंबटपणानं कॅरमल सुधारलेलं. पाव आतनं नुसता मलई. मी एक चमचा खाल्ला, मग दुसरा खाल्ला. आता मला कळलं की प्रीतीची गाठ हिच्याशी हाय. एक शब्द वाकडा बोललो असतो तर कुणाला कळणार होतं? अंडं खाणारं दुसरं होतं कोण तिथं? मोह झाला का विचाराल तर झाला. पण त्या पोरीनं चांगलं केलेलं. मी म्हणलं, “लई भारी झालंय. आतापर्यंतचं सगळ्यात चांगलं.” बाईंनी अठरा लिहिले. वर्षाराणीनं माझ्याकडं बघून हात जोडले.

अकरा झाल्या. मी चमचा धुतला, बारा नंबरची प्लेट पुढं ओढली.

आणि इनामदार मॅडम म्हणाल्या, “एक मिनिट. बाई, एक सांगायचं राहिलं. बारा नंबर ही अंजनाची मुलगी आहे. तिनं चाखणं बरं दिसणार नाही. उद्या तक्रार झाली तर आपल्या दोघींवर येईल.”

मी म्हणलं, “मॅडम, मी सकाळीच सांगितलेलं तुम्हाला.”

“मला काही आठवत नाही,” त्या म्हणाल्या.

आठवत न्हाय. दोन-अडीच तासांपूर्वीचं आठवत न्हाय ह्या बाईला. माझ्या कानातनं वाफ निघाय लागली. मी म्हणलं, “बाई, अकरा जणींना माझी जीभ चालली. त्यातली एक तर माझ्या पोरीच्या बरोबरीची, तिला मीच अठरा मिळवून दिले. लबाडीच करायची असती तर तिथं केली असती की. तवा मी कुणाची आई न्हवतो व्हय?”

चिकोडीकर बाई वाईट न्हवत्या. त्यांना पटलेलं दिसलं. पण त्या म्हणाल्या, “ताई, विभागप्रमुखांनीच आक्षेप घेतल्यावर मला तुमचं मत घेता येत नाही. दुसरं कुणी चाखलं तर मी लिहीन. यादी पाकिटात घालेपर्यंत वेळ आहे.” मग मॅडमना विचारलं, “तुम्ही घेता का एक घास? विद्यार्थिनीचा प्रश्न आहे.”

“मी?” इनामदार मॅडम दोन पावलं मागं सरल्या. “उपवासाचं सोडा, मी अंड्याला हातसुद्धा लावत नाही. आमच्या घरातच चालत नाही. सगळ्या कॉलेजला माहीत आहे.”

आता कॉलेजला काय माहीत न्हाय ते मी सांगतो. चौदा वर्षं, दर बुधवारी नि शुक्रवारी, दुपारच्या सुट्टीत, लॅबच्या स्टोअर रूमचं दार आतनं लावून इनामदार मॅडम ऑम्लेट खात होत्या. दोन अंड्यांचं. कांदा बारीक, मिरची कमी, कडा कुरकुरीत. करणारी मी. खाऊन झालं की वेलदोडा चघळायचा, वास जाण्यासाठी. आणि बाहेर स्टाफरूममधी माझा कप वेगळा, खिडकीत उपडा घातलेला. आत माझ्या हातचं चालायचं, बाहेर माझा कप चालत न्हवता. ह्या बाईचं गुपित मी चौदा वर्षं पोटात ठेवलं, घरी बाबासोलासुद्धा बोललो न्हाय.

तवा पण बोललो न्हाय. जिभेवर आलं होतं. पण चारचौघांत कुणाच्या खाण्यावरनं त्याची अब्रू काढायची हे मला जमलं न्हाय, आणि बोललो असतो तरी शिपाईबाईवर कोण इश्वास ठेवणार होतं? मॅडम न्हाय म्हणाल्या असत्या, संपलं असतं.

मागनं प्रीतीचा आवाज आला. “आई, राहू दे.” कॉलेजात पयल्यांदा आई म्हणाली.

बाईंनी प्लेट जवळ घेतली, वळवून बघितली. मॅडम वाकून म्हणाल्या, “रंग बघा ना, करपलेलाच आहे. वहीत सोनेरी लिहून दिलंय मी.” बाईंनी चवीच्या रकान्यात आठ लिहिले. बाकीच्या रकान्यांत प्रीती नि वर्षाराणी बरोबरीला होत्या. म्हंजे सगळं ह्या चवीवरच अडलेलं, आणि चव कुणी घेतलीच न्हाय. रंग बघून चव ठरवली. होम सायन्सच्या परीक्षेत.

पोरींना बाहेर व्हरांड्यात बसाय सांगितलं. बाई टेबलापाशीच थांबल्या, यादीची बेरीज करत. मॅडमच्या घरनं आलेली साबुदाण्याची खिचडी मी बाईंपुढं ठेवली नि प्लेटा उचलून स्टोअरमधी नेल्या. प्रीतीची प्लेट वेगळी ठेवली. ती मी फेकणार न्हवतो. घरी नेऊन बाबासोला चाखवणार होतो, की बघ, तुझ्या पोरीनं काय केलतं ते. रडू येईना, रागच एवढा होता.

तेवढ्यात इनामदार मॅडम आत आल्या. दार लोटलं, कडी घातली.

“अंजना, रागावलीस का गं? नियम असतात बाई. मला काय आवडतं का असं करायला?” मग म्हणाल्या, “मला बी. पी.ची गोळी घ्यायचीय. उपाशीपोटी घेता येत नाही. ते प्रीतीचं राहिलंय ना तसंच? दे इकडं.”

मी काय बोलायच्या आत त्यांनी प्लेट घेतली. स्टुलावर बसल्या. चमच्यानं कड तोडली, केळं ठेवलं, घास तोंडात घातला नि डोळे मिटले. मग दुसरा घास. मग तिसरा. मी बघत उभा. माझ्या पोरीचं वरीस, तिचं पुणं, सगळं त्या प्लेटीत होतं, नि ही बाई बी. पी.च्या गोळीसाठी ते खात होती. गोळी तर पर्समधनं काढलीपण न्हवती.

“अंजना,” त्या तोंड भरलेलं असतानाच म्हणाल्या, “काय केलंय गं पोरीनं. असलं मी मुंबईत मोठ्या हॉटेलातसुद्धा खाल्लं नाही. तो कडूपणा किती बरोबर आलाय. वर्षाराणीचं याच्यापुढं काहीच नसणार.”

मी विचारलं, “मग मगाशी एक घास का न्हाय खाल्लासा?”

“सगळ्यांसमोर? वेडी आहेस का तू?” त्या हसल्या. “आणि तुझ्या पोरीचं लग्न ठरतंय ना मे महिन्यात, तूच सांगितलं होतंस. पुण्याला जाऊन काय करणार ती? वर्षाराणीला गरज आहे, तिला जाऊ दे. प्रीती काय, नवऱ्याला करून घालेल की.”

मी ते सांगितलेलं काळजीनं. एका बुधवारी, ऑम्लेट परतताना, मॅडम, पोरीला लग्न नको म्हणती, काय करू, म्हणून. तेच घेऊन माझ्यावर उलटवलं.

मी दाराजवळ गेलो. कडी काढली. दोन्ही फळ्या भिंतीला लागेपर्यंत उघडल्या.

स्टोअर लॅबमधीच उघडतं. समोर टेबलाशी चिकोडीकर बाई, खिचडीचा चमचा हातात. पलीकडं व्हरांड्याच्या खिडक्यांत पोरी. आणि माझ्या मागं स्टुलावर इनामदार मॅडम, मांडीवर प्लेट, चमचा तोंडात.

मी म्हणलं, “बाई, चाखणारं माणूस गावलं.”

मॅडमना तो घास गिळतापण येईना नि थुंकतापण येईना. चिकोडीकर बाईंनी त्यांच्याकडं बघितलं, खिचडी बाजूला सारली, यादी पुढं ओढली, पेनाचं टोपण काढलं.

“पाकीट अजून बंद केलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “इनामदार मॅडम, बारा नंबर. चवीला वीसपैकी किती?”

मॅडमनी कसाबसा घास गिळला. “अहो, ते गोळी घ्यायची होती म्हणून मी नुसतं...”

“किती?”

“बरं झालंय. पंधरा द्या.”

मी म्हणलं, “मॅडम, मगाशी आत काय म्हणालासा ते सांगा. शब्द न् शब्द सांगा. न्हाय तर मी सांगतो, आणि मग मी बुधवार-शुक्रवारपासनं सुरू करीन.”

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. चौदा वर्षांत त्यांनी मला एवढं नीट बघितलेलं न्हाय. मग खाली प्लेटीकडं बघितलं. तीत कॅरमलचा थेंबसुद्धा शिल्लक न्हवता.

“वर्षाराणीपेक्षा चांगलं आहे,” त्या म्हणाल्या. “एकोणीस.”

बाईंनी आठावर काट मारली, एकोणीस लिहिले, बेरीज केली नि यादी त्यांच्यापुढं धरली. “खाडाखोड आहे. शेजारी सही करा. चव तुम्ही घेतली असंपण लिहा.”

मॅडम उठल्या, टेबलापाशी आल्या. लिहिलं, सही केली. बोटं चिकट झालेली, कागद अंगठ्याला चिकटून वर आला, तो बाईंनी सोडवला. खिडकीत प्रीती दोन्ही हातांनी गज धरून उभी होती, नि बाईंनी मान वर करून तिलाच सांगितलं, “बारा नंबर, पुण्याला तू जायचंस.” वर्षाराणीनं मान खाली घातली. तिचं मला आजपण वाईट वाटतं, पण तिच्या टोस्टाचा न्याय झालेला होता, माझ्या पोरीच्या टोस्टाचा राहिला होता.

मॅडम माझ्या अंगावरनं जाताना हळूच म्हणाल्या, “अंजना, हे तुला महागात पडेल.”

म्हणलं, “पडू दे की. सरका आता, तुमची प्लेट घासायची हाय.”